आमरीचं नाव आणि आमरीचा पत्ता



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘घरातल्या ऑर्किडला पाणी किती घालावं’ असं सांगितलं. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. म्हटलं, म्हणूनच. कारण हा प्रश्न दिसतो बायकापोरांच्या बागकामातला, पण तो सोडवायला युरोपातल्या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञांना आणि माळ्यांना शंभराहून जास्त वर्षं लागली. तोवर लाखो झाडं मेली. पाणी कमी पडून नव्हे, बहुतेक जास्त पडून, आणि चुकीच्या वेळी पडून. माणसाला एखादी गोष्ट ‘माहीत असणं’ म्हणजे नक्की काय, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न. त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

आधी आपल्या घरातलं बघू. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. गारगोटीहून कडगाव-पाटगावच्या रस्त्याला लागा, नाहीतर राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला जा. मे महिन्यात जुन्या आंब्यावर, जांभळीवर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब तुरे लोंबताना दिसतात. ती सीतेची वेणी. आसामात तिलाच कपौ फूल म्हणतात आणि बिहूला बायका ती केसात माळतात; ते त्यांचं राज्यफूल आहे. आपल्याकडे ती डोक्यावर लोंबत असते आणि आपण खालून एसटीने जातो. जून-जुलैत सड्यावर, गवतात पांढरी आषाढ आमरी येते, ती जमिनीतली. डिसेंबर-जानेवारीत पानं गळून गेलेल्या काड्यांवर डेंड्रोबियमची नाजूक फुलं येतात. जिल्ह्यातल्या वनस्पतींचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ डॉ. यादव आणि डॉ. सरदेसाई यांनी शिवाजी विद्यापीठातून 2002 साली प्रसिद्ध केला. त्यात ही सगळी मंडळी आपापल्या नावागावासह नोंदलेली आहेत. म्हणजे ऑर्किड ही काही थायलंडहून विमानाने येणारी, लग्नाच्या स्टेजवर लावायची चीज एवढंच नाही.

आता आपल्याकडे झाडावरची आमरी दाखवली की निम्मे लोक म्हणतात, ते बांडगूळ हो, झाडाला खातं. हा गैरसमज आजचा नाही. अमरकोशात ‘वंदा’ या शब्दाला जे पर्याय दिलेत त्यात एक आहे वृक्षरुहा, म्हणजे झाडावर उगवणारी, आणि दुसरा वृक्षादनी, म्हणजे झाडाला खाणारी. या दोन गोष्टी एक नव्हेत. बांडगूळ झाडाच्या आत मुळी घालून रस ओढतं. आमरी फक्त सालीवर बसते. पाणी पावसाचं, धुक्याचं, अन्न तिचं तिने उन्हातून केलेलं. झाडाकडून तिला लागते ती जागा. कोशकाराने दोघींना एका नावाखाली बसवलं. आणि गंमत पुढे आहे. सर विल्यम जोन्स, कलकत्त्याचे न्यायाधीश, 1784 ला एशियाटिक सोसायटी काढणारे, शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद करणारे, त्यांनी हिंदी वनस्पतींवर टिपणं केली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1795 मध्ये छापली गेली. त्यात त्यांनी एका आमरीचं वर्णन ‘वंदा’ याच नावाने केलं. पुढे ते नाव शास्त्रात पक्कं झालं. आज सिंगापूरपासून फ्लोरिडापर्यंत नर्सरीत लोक ‘वँडा’ मागतात, तो आपला संस्कृत शब्द. नाव जगभर गेलं, आणि त्या नावाच्या पोटातला घोळही बरोबर गेला.

मी आज नाव आणि पत्ता असा भेद करणार आहे. नाव म्हणजे हे काय आहे. पत्ता म्हणजे हे कुठं राहतं, कुणाच्या शेजारी, किती वाऱ्यावर, वर्षातले किती महिने कोरडं. माझं म्हणणं असं की ऑर्किडचा दोनअडीचशे वर्षांचा इतिहास हा नाव मिळण्याचा आणि पत्ता हरवण्याचा इतिहास आहे.

पत्ता आधी लोकांजवळ होता. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारातल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करवून घेतला, ‘हॉर्तुस मलाबारिकुस’. ॲमस्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात त्याचे बारा खंड निघाले. माहिती देणारे होते इट्टी अच्युतन हे वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण. या तिघांनी 1675 मध्ये दिलेलं कोकणी भाषेतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. आपल्या लिपीच्या छपाईच्या इतिहासात त्याला मोठं स्थान आहे. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. आमऱ्या आहेत शेवटच्या, बाराव्या खंडात. तिथं त्यांची मल्याळी नावं आहेत, आणि बहुतेकांच्या शेवटी ‘मरवर’ हा शब्द येतो. मरम् म्हणजे झाड. आपली सीतेची वेणी तिथं ‘आंजिली मरवर’ आहे. आंजिली म्हणजे रानातल्या फणसाच्या जातीचं एक मोठं झाड. दुसरी एक शिसवीवरची मरवर, तिसरी आंब्यावरची मरवर. लक्षात आलं ना? नावातच घरमालकाचं नाव होतं. वैद्याला वनस्पती आणायला रानात माणूस पाठवायचा असायचा, त्यामुळे पत्ता नावातून काढून चालणारं नव्हतं.

1753 मध्ये लिनियसने जगातल्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत बसवली. मोठं काम, त्यात शंका नाही. सीतेच्या वेणीचं वर्णन त्याने ऱ्हीडच्याच ग्रंथावरून केलं. पण झाडावर राहणाऱ्या आमऱ्या त्याने एकाच टोपलीत टाकल्या: एपिडेंड्रम, म्हणजे ‘झाडावरची’. कुठल्या झाडावरची, ते गेलं. आणि राहण्याच्या जागेच्या रकान्यात ‘इंडिया’ एवढंच उरलं. इंडिया! कच्छचं रण पण इंडिया आणि आंबोली पण इंडिया.

या एका शब्दाने पुढं काय केलं ते बघा.

विलायतेत उष्ण प्रदेशातली आमरी पहिल्यांदा फुलली ती 1730च्या सुमारास. बहामा बेटांवरून 1731 मध्ये पीटर कॉलिन्सन या व्यापाऱ्याकडे एक वाळका नमुना आला. त्याच्या कंदात जीव दिसला म्हणून तो लावला आणि पुढच्या उन्हाळ्यात फुलला. ती जमिनीतली जात होती. झाडावरची आमरी क्यूच्या बागेत 1787 मध्ये फुलली. मग श्रीमंतांना नाद लागला. जहाजं भरभरून वेस्ट इंडीज, ब्राझील, भारत इथून झाडं येऊ लागली आणि तितक्याच वेगाने मरू लागली.

ती कशी ठेवायचे? काचेचं बंद घर. त्याला ते ‘स्टोव्ह’ म्हणायचे, आणि नाव अगदी बरोबर होतं. खाली भट्टी, विटांच्या नळ्यांतून धूर फिरवून तापवलेली हवा. कुंड्या चामडं कमावण्याच्या कारखान्यातल्या कुजक्या सालीच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलेल्या, कारण ती साल कुजताना ऊब देते. दारं-खिडक्या बंद. झाडाची मुळं माती, लाकडाचा भुसा यात दाबलेली, आणि वर भरपूर पाणी. माणूस तिथं दहा मिनिटं उभा राहू शकत नव्हता. जोसेफ बँक्स हे कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणा केलेले गृहस्थ. त्यांनी 1817च्या सुमारास फांद्यांच्या विणलेल्या हलक्या टोपल्यांत थोडं शेवाळ घालून झाडं टांगून बघितली, आणि ती जगली. पण एकट्याचं कोण ऐकतो.

त्या काळातला ऑर्किडचा सगळ्यात मोठा अधिकारी पुरुष म्हणजे जॉन लिंडली. शेकडो जातींना त्याने नावं दिली. 1830च्या सुमारास त्याने बागायतदारांना सल्ला दिला तो असा: भरपूर उष्णता, दाट सावली, भरपूर ओलावा. त्याच्यासारख्या माणसाने सांगितल्यावर सगळ्यांनी तसंच केलं. आता त्याचा तर्क मांडून बघा. हिंदुस्थान उष्ण आणि दमट आहे. ही आमरी हिंदुस्थानातली आहे. म्हणून हिला उष्ण आणि दमट हवा पाहिजे. आमच्या तर्कशास्त्राच्या पेपरात विद्यार्थ्याने असं लिहिलं तर आकाराच्या दृष्टीने मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. अनुमान बरोबर आहे. पहिलं विधान मात्र अर्धवट आहे, आणि झाड मेलं ते त्या अर्धवटपणाने. हिंदुस्थान कधी दमट? कुठल्या उंचीवर उष्ण? ऑक्टोबर ते मे काय होतं? हे लंडनला कुणाला ठाऊक नव्हतं, कारण चिठ्ठीवर ‘ईस्ट इंडीज’ लिहिलेलं असायचं. पुढं धंद्यात चढाओढ वाढली तेव्हा तर संग्राहक मुद्दाम खोटा पत्ता लिहायचे, दुसऱ्या कंपनीचा माणूस तिथं पोचू नये म्हणून.

क्यूचे संचालक झालेल्या जोसेफ हूकरच्या नावावर एक उद्गार सांगितला जातो: अर्धशतकाहून जास्त काळ इंग्लंड ही उष्ण देशांतल्या ऑर्किडांची स्मशानभूमी होती, अशा अर्थाचा.

सुधारणा कुणी केली? पुस्तकं लिहिणाऱ्यांनी नव्हे, आधी माळ्यांनी. यॉर्कशरमध्ये वेंटवर्थला कूपर नावाचा माळी होता. त्याने घर थंड ठेवलं, खिडक्या उघडल्या, आणि त्याची झाडं इतकी उत्तम दिसू लागली की मोठमोठे लोक बघायला गेले. दुसरा जोसेफ पॅक्स्टन. हाही माळीच, शेतकऱ्याच्या घरातला, ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या चॅट्सवर्थच्या बागेचा प्रमुख. पुढं लंडनचा क्रिस्टल पॅलेस बांधला तोच. त्याने वेगवेगळ्या हवेची वेगवेगळी काचघरं केली. आणि एक साधी गोष्ट केली जी आजही आपल्या गॅलरीत करण्यासारखी आहे: पाणी झाडावर न ओतता जमिनीवर शिंपडलं. हवा ओली, मुळं मोकळी.

पॅक्स्टनने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला 1835 मध्ये हिंदुस्थानात पाठवलं. मुख्य काम होतं ब्रह्मदेशातलं अ‍ॅम्हर्स्टिया हे झाड मिळवणं. पण गिब्सन खासी टेकड्यांत, चेरापुंजीला जाऊन राहिला आणि आमऱ्यांचा मोठा खजिना घेऊन 1837 मध्ये परतला. वाटेत झाडं जगली ती काचेच्या बंद पेट्यांमुळे. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने पतंगाचा कोश बाटलीत ठेवला होता. त्या बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला त्याने बघितला, 1829च्या सुमारास, आणि त्यावरून पेटी केली. चीनचा चहा आपल्या हिमालयात आला तोही अशाच पेट्यांतून. गिब्सनचं महत्त्व मला वाटतं ते झाडांच्या संख्येत नाही. माळी स्वतः पत्त्यावर जाऊन आला, हे महत्त्वाचं.

मग 1850. हूकर आणि थॉमसन खासी टेकड्यांत होते. तिथं त्यांना निळी वंदा दिसली, फिकट निळ्या आकाशासारख्या फुलांची. हूकरने ‘हिमालयन जर्नल्स’मध्ये लिहून ठेवलं आहे की ती विरळ ओकच्या झाडांवर, उघड्या वाऱ्यावर, उन्हात, आणि हिवाळ्यात चांगल्या थंडीत आणि कोरडेपणात राहत होती, आणि विलायतेतल्या काचघरांत तिला ज्या हवेत कोंडतात तिच्याशी याचा काही मेळ नाही. बघा, पत्ता सापडला! आता काय करायचं होतं? तो पत्ता लिहून घ्यायचा, दोनचार रोपं न्यायची. त्यांनी क्यूसाठी सात माणसांची ओझी होतील एवढी झाडं काढली. वाटेतल्या अडचणींमुळे त्यातली फार थोडी जिवंत पोचली. हेही त्याने स्वतःच लिहिलं आहे, लपवलेलं नाही. ज्ञान आणि हाव एका माणसात, एकाच पानावर कशी नांदतात ते मी विद्यार्थ्यांना या उताऱ्यावरून सांगत असे. शतकाच्या शेवटी तर कहर झाला. मिलिकन नावाच्या संग्राहकाचं 1891 चं पुस्तक आहे. कोलंबियात दहा हजार रोपं मिळवायला सुमारे चार हजार झाडं तोडल्याचं तो शांतपणे सांगतो.

आपल्या मुंबई इलाख्यात हे वेड त्या प्रमाणात आलं नाही, ते आपलं नशीब. आपल्याकडच्या आमऱ्या बहुतेक लहान फुलांच्या. लंडनच्या लिलावात त्यांना भाव नव्हता. इथं दुसरा एक गिब्सन होता, अलेक्झांडर गिब्सन. आधीच्याशी घोटाळा करू नका, हा डॉक्टर. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा तो प्रमुख होता आणि 1847 मध्ये इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डॅलझेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 ला आला. मग थिओडोर कुक, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य, त्यांचा ग्रंथ 1901 पासून पुढे खंडाखंडाने निघाला. पुढं फादर ब्लॅटर आणि मॅककॅन, आणि 1966 मध्ये फादर सांतापाव आणि कपाडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’. ही पुस्तकं रुक्ष आहेत. पण त्यात कधी फुलते, कुठल्या गावाजवळ, कशावर मिळाली, असं लिहिलेलं असतं. म्हणजे पत्ता परत नोंदला गेला. आणि घरात झाड ठेवणाऱ्याला, तुम्ही म्हणाल तर, ‘महिन्यातून कितीदा पाणी’ हे सांगणाऱ्या दहा पुस्तकांपेक्षा ‘जानेवारीत फुलते, तेव्हा पानं नसतात’ ही एक ओळ जास्त उपयोगी आहे. पानं नसतात म्हणजे ती झोपलेली आहे. झोपलेल्या माणसाच्या तोंडात आपण पाणी ओतत नाही.

आता मुळाकडे येऊ. शब्दशः मुळाकडे.

झाडावरच्या आमरीचं मूळ हातात घेऊन बघा. जाड, पांढरट, रुपेरी. ते वरचं पांढरं आवरण म्हणजे मेलेल्या, रिकाम्या पेशींचा थर. शास्त्रात त्याला वेलामेन म्हणतात. स्पंजासारखं काम करतं. कोरडं असताना पेशींत हवा, म्हणून पांढरं दिसतं. पाणी लागलं की काही क्षणांत शोषून घेतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. वळवाच्या पावसाचं पहिलं पाणी झाडाच्या सालीवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेला पाचोळा धुऊन घेऊन खाली येतं, तेच सगळ्यात पौष्टिक. आणि हे मूळ ते पहिलं पाणीच पकडतं. मग पाऊस थांबतो, वारा सुटतो, आणि मूळ परत पांढरं होतं. तेव्हा ते श्वास घेतं. भिजणं आणि वाळणं, दोन्ही लागतं. कुंडीत मातीत दाबून रोज पाणी घातलं की वाळण्याची पाळीच येत नाही आणि मूळ आतून कुजतं. मूळ कुजलं की पाणी वर जात नाही, पानं सुरकुततात. घरातला माणूस म्हणतो, अरे, हे तहानलंय, आणि आणखी पाणी घालतो. लंडनला शंभर वर्षं हेच चाललं होतं.

आमच्या ओळखीच्या एका घरी मी हे चित्र तीनदा बघितलं. त्या माउलीची माया खोटी नव्हती हो. आपल्याकडे झाडाला पाणी घालणं हे पुण्याचं काम, तुळशीला रोज तांब्याभर घातल्याशिवाय चहा नाही. दुष्काळ बघितलेल्या लोकांची ही संस्कृती आहे. पाणी देणं म्हणजेच जपणं. तुळशीला ते लागू आहे, जास्वंदीला आहे, केळीला आहे. आमरीला नाही. तिला जपायचं तर हात आवरावा लागतो, आणि मायाळू माणसाला तेच जमत नाही.

दुसरी गोष्ट. जाड पानांच्या बऱ्याच आमऱ्या दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, पाणी उडू नये म्हणून. निवडुंगाचीही तीच युक्ती. शिवाय डेंड्रोबियमसारख्यांच्या फुगीर काड्या म्हणजे त्यांची पाण्याची टाकी. एवढी तयारी कशासाठी? आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आपल्याला वाटतं तिथं पाण्याला काय तोटा. पण तो पडतो चार महिन्यांत. नंतर आठ महिने सालीवर टिपूस नाही, धुकं आणि दव मिळेल तेवढं. म्हणजे आपल्या सह्याद्रीची आमरी ही एकाच जन्मात चेरापुंजी आणि वाळवंट दोन्ही भोगणारी आहे.

हे एकदा डोक्यात बसलं की गारगोटीच्या घरात काय करायचं ते कॅलेंडर बघून ठरवता येतं. जून ते सप्टेंबर सीतेची वेणी किंवा तत्सम देशी आमरी बाहेर, कौलाच्या पागोळीपासून जरा लांब टांगा. पाऊस तिला लागू दे. पण एकाच ठिकाणी धार पडायला नको, आणि दोन पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहायला नको, तिथून कूज सुरू होते. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांनी सकाळी भिजवा. थंडी पडली की आठवड्यावर आणा. पानगळीच्या डेंड्रोबियमला डिसेंबर ते मार्च फक्त पहाटे एखादा फवारा, काड्या फार सुरकुतल्या तर. मार्चनंतर ऊन चढेल तसं पाणी वाढवा. एप्रिल-मेमध्ये नुसत्या मुळांवर टांगलेली वंदा असेल तर रोज सकाळी मुळं हिरवी होईपर्यंत भिजवायला हरकत नाही, कारण आपल्या उन्हात ती तासाभरात वाळतात. वेळ सकाळचीच. रात्रीपर्यंत गाभा कोरडा झाला पाहिजे.

माती नको म्हणजे नकोच. लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे, फुटक्या कौलांचे तुकडे, नारळाचं सोडण धुऊन कापून. भोकं असलेली मातीची कुंडी, नाहीतर लाकडी पट्ट्यांची टोपली, बँक्ससाहेबांसारखी. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर मुळांच्या टोकांवर पांढरा थर बसतो; पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरून ठेवा, पण पहिला पाऊस वाहून जाऊ द्या आणि पिंपाला झाकण ठेवा, नाहीतर डासांची शेती होईल. खत द्यायचं तर पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथाई ताकदीचं, वाढीच्या दिवसांतच. आणि वारा. पाण्याइतकाच वारा. बंद हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेली आमरी म्हणजे पुन्हा तो लंडनचा स्टोव्ह.

बाजारात मिळते ती मात्र वेगळी. कोल्हापूरच्या नर्सरीतून तुम्ही आणता ती बहुधा फॅलेनॉप्सिस, पतंगासारख्या फुलांची, नाहीतर संकरित डेंड्रोबियम. इथं देशी आमरीचा नियम लावू नका. फॅलेनॉप्सिसचे पूर्वज इंडोनेशिया, फिलिपिन्सच्या जंगलातले, जिथं पाऊस जवळजवळ बारमाही. तिच्याजवळ फुगीर काडी नाही, टाकी नाही, म्हणून तिला लांब उपास चालत नाही. सावली हवी, आणि कुंडीतलं शेवाळ वरून कोरडं झालं, मुळं पांढरी दिसली की पाणी. हिवाळ्यात आठवड्याने, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, पण शेवटचा शब्द मुळाच्या रंगाचा. स्टेजवरच्या डेंड्रोबियमच्या वंशात उत्तर ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचं रक्त आहे. तिला भरपूर उजेड लागतो आणि आपल्या हवेत ती खुशीत राहते. आणि दार्जिलिंगच्या सहलीहून सिंबिडियम आणू नका. तिला फुलायला थंड रात्री लागतात, त्या गारगोटीत कुठून आणणार? पानं चांगली येतील, तुम्ही वर्षानुवर्षं वाट बघत बसाल.

ही झाडं आज तीन-चारशे रुपयांत कशी मिळतात, हाही इतिहासच आहे. आमरीच्या एका शेंगेत लाखो बिया, धुळीसारख्या, पण त्यात अन्नाचा साठा नाही. रानात एक विशिष्ट बुरशी बीजात शिरते आणि त्याला पोसते. हे फ्रान्सच्या नोएल बर्नारने 1899 मध्ये ओळखलं. अमेरिकेत लुईस नडसनने 1922 मध्ये दाखवलं की बुरशीऐवजी साखर असलेल्या पोषकद्रव्यावर बाटलीतही बी रुजतं. मग 1960 मध्ये जॉर्ज मोरेलने शेंड्याच्या बारीक तुकड्यापासून हुबेहूब रोपं करायची रीत सांगितली. त्यानंतर राजेलोकांचं झाड स्कूटरच्या डिकीतून यायला लागलं. मी याला चांगलं मानतो. एक तर माणसाचा नाद भागतो, आणि दुसरं, रानातून ओरबाडायला काही सबब उरत नाही.

पण ओरबाडतात. पावसाळ्यात घाटात गाड्या थांबवून फांदीसकट आमरी तोडून नेणारे आपल्यातलेच सुशिक्षित लोक असतात. अभयारण्यातून रोप काढणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तो कायदा बाजूला ठेवला तरी, ते झाड घरी दोन उन्हाळे काढत नाही. त्याची मुळं तोडताना मोडतात, आणि मोडलेलं जुनं मूळ नव्या जागी धरत नाही.

यापेक्षा मोठा धोका मात्र कुठल्या नादिष्टाचा नाही. रस्ता रुंद होतो तेव्हा दोन्ही बाजूंची शंभर वर्षांची झाडं जातात. कागदावर झाडांची संख्या लिहिलेली असते. झाडामागे किती लावायची तेही लिहिलेलं असतं. त्या आंब्याच्या आडव्या फांदीवर चाळीस वर्षांत जमलेली वेणी, नेचे, शेवाळ, त्यांची मोजणी कुणी करत नाही, कारण हिशेबात ‘आंबा, 1 नग’ एवढंच नाव असतं. नवीन लावलेल्या रोपाच्या गुळगुळीत खोडावर आमरी बसायला अजून बरीच वर्षं आहेत.

मगाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, की तोडलेल्या झाडावरची रोपं वाचवता येतात का. येतात. आधी वन खात्याला किंवा जमीनमालकाला विचारा, परवानगीशिवाय हात लावू नका. फांदी पडलेली असेल तर रोप ओढू नका, सालीसकट चाकूने तासून काढा, म्हणजे मुळं शाबूत राहतात. कुजलेली मुळं कात्रीने कापा आणि दोन दिवस सावलीत वाळू द्या, पाणी अजिबात नको. मग जवळच्याच जुन्या, खरबरीत सालीच्या झाडावर, आंबा किंवा जांभूळ उत्तम, पूर्वेच्या बाजूला, त्याच उंचीवर आणि जमलं तर तशाच कोनात, सुती दोरीने किंवा काथ्याने घट्ट बांधा. नायलॉन नको, ते कुजत नाही आणि पुढे खोडात रुततं. रोप हललं तर नवं मूळ धरत नाही, म्हणून घट्ट. हे काम मेच्या शेवटच्या आठवड्यात करा. पहिले आठ-दहा दिवस पाऊस नाही आला तर सकाळी एक फवारा. नंतर पाऊस आणि झाड बघून घेतील. ऑगस्टपर्यंत सालीला चिकटलेली हिरव्या टोकाची नवी मुळं दिसली पाहिजेत.